खुर्ची एक, बसणारे बारा: चेरानचं प्रकरण

मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यात 113 मुनिसिपियो आहेत. त्यांतल्या चेरान नावाच्या एकाने 2011 मध्ये आपला नगराध्यक्ष, पोलीस आणि सगळे राजकीय पक्ष गावाबाहेर काढले. उठाव म्हणून त्या भागात यात फार नवल नाही. नवल पुढे आहे. गावाने मुनिसिपियो मोडला नाही. तिजोरी, शिक्का, केंद्राकडून येणारं अनुदान, सगळं ठेवलं आणि खुर्चीवर कोण, कसं बसणार तेवढं बदललं. हे टिपण त्या निर्णयाबद्दल आहे.

गावाचं नाव झाकण्यात अर्थ नव्हता, ते न्यायालयाच्या निकालातच आहे. माणसांची नावं मात्र मुद्दाम गाळली आहेत. यांतले काही जण नंतर मारले गेले, बाकीचे आजही त्याच गल्ल्यांत राहतात.

पार्श्वभूमी

मुनिसिपियो म्हणजे नगरपालिका, असं आपण सहज भाषांतर करतो आणि तिथेच फसतो. एक मुख्य गाव, भोवतालची खेडी, वाड्या, शेतं, डोंगर असं सगळं मिळून एक मुनिसिपियो होतो. शहर असो की रान, देशाचा कोपरा न् कोपरा कुठल्या ना कुठल्या मुनिसिपियोत येतो. 1917 च्या राज्यघटनेतलं 115 वं कलम हा त्याचा पाया. त्या कलमातलं एक वाक्य आपल्याकडच्या वाचकाला चमकवणारं आहे: मुनिसिपियो आणि राज्य सरकार यांच्यामध्ये कुठलीही मधली सत्ता असणार नाही. म्हणजे जिल्हा परिषद नाही, कलेक्टर नाही. खाली नगराध्यक्ष, वर थेट राज्यपाल, आणि तोही लोकांनी निवडलेला.

कारभार आयुन्तामिएन्तो नावाच्या मंडळाकडे असतो. त्यात नगराध्यक्ष, सिंदिको आणि रेखिदोर. रेखिदोर म्हणजे साधारण नगरसेवक. सिंदिको मात्र आपल्याकडे नाही: मुनिसिपियोच्या वतीने कोर्टात उभा राहणारा आणि मालमत्तेवर, हिशेबावर नजर ठेवणारा निवडून आलेला माणूस. हे सगळे वेगवेगळे निवडून येत नाहीत, पक्षाची अख्खी यादी मतपत्रिकेवर असते. जिंकलेल्या यादीला बहुतेक जागा मिळतात, हरलेल्यांना मतांच्या प्रमाणात काही रेखिदोर. मुदत साधारणपणे तीन वर्षांची. 2011 मध्ये लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहायला घटनेची बंदी होती. त्यामुळे नगराध्यक्षाला चांगलं काम करून मतं टिकवायची नव्हती आणि वाईट केलं तरी मतं जाण्याची भीती नव्हती.

मुख्य गावाबाहेरच्या मोठ्या वस्त्यांना मिचोआकानमध्ये तेनेन्सिया म्हणतात. तिथे एक प्रमुख असतो, त्याखालच्या लहान वाड्यांवर आणखी एक. पण तेनेन्सियाला स्वतःची तिजोरी नव्हती. पैसा मुख्य गावात उतरायचा आणि तिथून जेवढा झिरपेल तेवढा. हा तपशील लक्षात ठेवावा, शेवटी तोच डोकं वर काढतो.

पैसा येतो दोन वाटांनी. केंद्राने गोळा केलेल्या करांतला वाटा ही एक वाट. दुसरी, पायाभूत कामं आणि सुरक्षा अशा ठरावीक कामांसाठी बांधून दिलेला निधी. डोंगराळ मुनिसिपियोत घरपट्टीसारखं स्वतःचं उत्पन्न नगण्य. तेव्हा ज्याच्याकडे शिक्का, त्याच्याकडे केंद्राचा पैसा.

चेरानमध्ये आणखी एक गुंता होता. गाव पुरेपेचा आदिवासींचं, मुनिसिपियोची लोकसंख्या त्या वेळी सुमारे 18000. भोवतालची पाइन-ओकची जंगलं सामुदायिक मालकीची, आणि ती सांभाळायला शेतजमिनीच्या कायद्याखाली निवडलेला वेगळा प्रतिनिधी. म्हणजे जंगल समाजाचं, रस्ता आणि पोलीस मुनिसिपियोचे, आणि वनगुन्ह्यांची चौकशी केंद्राची. झाड तुटलं तर तिघांनीही दुसऱ्याकडे बोट दाखवायची उत्तम सोय.

अडचण

2007 च्या निवडणुकीआधी चेरानमध्ये वर्षानुवर्षं सत्तेत असलेला डावा पीआरडी पक्ष फुटला आणि त्याच्या फुटीवर पीआरआय या दुसऱ्या पक्षाचा माणूस निवडून आला. 2008 पासून बेकायदा तोड वाढली. ही चोरून दोन ओंडके नेणारी तोड नव्हती. हत्यारबंद टोळ्यांच्या पहाऱ्यात लाकडाने भरलेले ट्रक दिवसाढवळ्या गावातून जायचे. तीन वर्षांत हजारो हेक्टर जंगल गेलं. कुणी बोललं तर धमकी, मग अपहरण, मग खून. खंडणी आणि लाकूड या टोळ्यांचे दोन जोडधंदे होते.

लोकांनी तक्रारी केल्या नाहीत असं नाही. मुनिसिपियो म्हणे वनगुन्हा आमच्या अखत्यारीत नाही. राज्य म्हणे संघटित गुन्हेगारी केंद्राची. केंद्राचं कार्यालय लांब. आणि गावातले पोलीस नगराध्यक्षाच्या हाताखाली होते. कुंपणानेच शेत खायला सुरुवात केल्यावर तक्रार द्यायची कुणाकडे?

2011 च्या सुरुवातीला तोड गावाच्या पाण्याच्या झऱ्यापर्यंत पोहोचली. माझ्या मते प्रकरण फिरलं ते इथे. जंगल तुटताना गाव घाबरून गप्प होतं. झऱ्याभोवतीची झाडं पडू लागली तेव्हा हिशेब हंड्यावर आला.

15 एप्रिल 2011, शुक्रवारची पहाट. काल्वारिओच्या देवळाजवळ बायकांनी लाकडाचे ट्रक अडवले. हातात दगड आणि जत्रेतले आवाजी फटाके. देवळाची घंटा वाजवली गेली, गाव धावून आलं आणि काही लाकूडतोडे पकडले गेले. त्यांना सोडवायला टोळीची माणसं आली आणि त्यांच्यासोबत मुनिसिपियोचे पोलीस. ज्यांना आतापर्यंत नुसता संशय होता, त्यांचाही तो त्या सकाळी फिटला.

पुढच्या काही तासांत गावाच्या सगळ्या वाटा अडवल्या गेल्या. पोलिसांची हत्यारं काढून घेतली. गावात दारू बंद झाली. चौकाचौकांत रात्रभर शेकोट्या पेटल्या, जवळजवळ दोनशे.

समोरचे पर्याय

उठाव एका पहाटेत होतो. त्यानंतरचे सहा महिने कठीण होते. शाळा बंद, धंदा बंद, वाटा अडवलेल्या, आणि 13 नोव्हेंबरला राज्यपाल, आमदार आणि नगराध्यक्षाच्या निवडणुका जाहीर झालेल्या. गावापुढे ढोबळमानाने चार वाटा होत्या.

पहिली, निवडणूक लढवायची. चांगला माणूस उभा करायचा, कुठल्यातरी पक्षाच्या चिन्हावर. त्या वेळी मेक्सिकोत पक्षाशिवाय उभं राहायची सोयच नव्हती. पण 2007 मध्ये पक्षफुटीनेच गाव फुटलं होतं, आणि शेकोटीभोवती बसलेल्यांत सगळ्याच पक्षांचे लोक होते. चिन्हाचं नाव काढलं असतं तर शेकोटी विझली असती.

दुसरी, राज्याच्या विधिमंडळाकडे जायचं. 115 व्या कलमाखाली विधिमंडळ दोन-तृतीयांश मतांनी आयुन्तामिएन्तो बरखास्त करून नेमलेलं मंडळ बसवू शकतं. हा सर्वांत सरळ कायदेशीर मार्ग. त्यात नेमणूक करणारे मात्र तेच पक्ष, ज्यांच्यापासून सुटायचं होतं.

तिसरी, राज्याला पाठ फिरवायची. दूर दक्षिणेकडे चियापास राज्यात झापातिस्तांनी, म्हणजे तिथल्या बंडखोर आदिवासी चळवळीने, हेच केलं होतं: सरकारी पैसा नाही, सरकारी मान्यता नाही, आपला कारभार आपण. तरुणांमध्ये या वाटेचं आकर्षण होतं आणि ते समजण्यासारखं आहे. पण चेरानमध्ये जंगल पुन्हा लावायचं होतं, पहारेकऱ्यांना पगार द्यायचे होते. अनुदान सोडलं असतं तर तेच अनुदान घ्यायला गावाबाहेर बसलेला एखादा 'अधिकृत' नगराध्यक्ष तयारच होता. मला हा मुद्दा निर्णायक वाटतो. रिकामी सोडलेली खुर्ची रिकामी राहत नाही.

चौथी वाट, मुनिसिपियो ठेवायचा पण निवड आपल्या रिवाजाने करायची. वाहाका राज्यात हे 1995 पासून कायद्यात आहे. तिथल्या 570 मुनिसिपियोंपैकी चारशेंहून अधिक ठिकाणी पक्षांविना, गावसभेच्या रीतीने कारभारी निवडले जातात. मिचोआकानच्या कायद्यात मात्र अशी तरतूद शून्य. देशाच्या घटनेतल्या दुसऱ्या कलमात 2001 पासून आदिवासी समाजांना आपले कारभारी आपल्या रिवाजाने निवडायचा हक्क होता, पण राज्याने त्यासाठी कायदाच केला नव्हता. हक्क आहे आणि तो वापरायचं दार नाही, अशी स्थिती.

गावाने चौथी वाट धरली. ती धरण्यात मोरेलिया या राज्याच्या राजधानीतल्या तरुण वकिलांचा मोठा हात होता, पण होकार शेकोट्यांवर ठरला.

काय केलं गेलं

इथे जरा शेकोट्यांबद्दल सांगायला हवं, कारण नंतरची सगळी रचना तिथून आली. पहिल्या रात्रीपासून प्रत्येक चौकातल्या घरांनी आपली चूल बाहेर आणली. जेवण तिथे, पहारा तिथे, चर्चा तिथे. एका शेकोटीवर आसपासची दहावीस घरं. रात्री बाहेर पुरुषांनी बोलायचं आणि आत बायकांनी रांधायचं ही विभागणी चूलच रस्त्यावर आल्यामुळे मोडली, निदान काही महिने. शेकोटीवर ठरलेलं बारिओच्या, म्हणजे पेठेच्या, सभेत जायचं. गावात अशा चार पेठा. चार पेठांचं मिळून गावसभेत. कुणी बसून आराखडा काढला नव्हता. पहाऱ्यासाठी केलेली सोय कारभाराची पायरी बनली.

6 जून 2011 ला गावाने राज्याच्या निवडणूक संस्थेकडे अर्ज केला: आम्हाला पक्षांची निवडणूक नको, रिवाजाने निवड करू द्या. चारच दिवसांनी, 10 जूनला, मेक्सिकोच्या घटनेत मानवी हक्कांची मोठी दुरुस्ती प्रसिद्ध झाली. आंतरराष्ट्रीय करारांतले हक्क घटनेइतकेच बंधनकारक ठरले, आणि आदिवासींविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 169 वा करार मेक्सिकोने 1990 मध्येच मंजूर केलेला होता. अर्ज करताना हातात नसलेलं हत्यार आठवड्याच्या आत हातात आलं. याला हुशारी म्हणता येणार नाही, हा योग होता. तो ओळखणं मात्र हुशारीचं.

निवडणूक संस्थेने सप्टेंबरात उत्तर दिलं: आम्हाला तसा अधिकार नाही. गाव केंद्रीय निवडणूक न्यायाधिकरणात गेलं, दोन हजारांहून अधिक लोकांच्या सह्या घेऊन. 2 नोव्हेंबर 2011 ला, मतदानाला अकरा दिवस असताना, न्यायाधिकरणाने गावाच्या बाजूने निकाल दिला. राज्याने कायदा केला नाही म्हणून घटनेतला हक्क गोठत नाही, हा त्याचा गाभा. मात्र एक अट घातली: बहुसंख्य लोकांना खरंच हे हवं आहे का, ते आधी विचारून घ्या.

13 नोव्हेंबरला चेरानमध्ये मतदान केंद्रं बसलीच नाहीत. 18 डिसेंबरला लोकांना विचारलं गेलं. विरोधात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. 22 जानेवारी 2012 ला निवड झाली.

या निवडीत मतपत्रिका नव्हती. प्रत्येक पेठेची सभा, त्यात शेकोट्यांनी सुचवलेली माणसं पुढे उभी, आणि ज्याला जो पसंत त्याच्या मागे त्याने रांगेत उभं राहायचं. रांगा मोजायच्या. प्रचार नाही, आणि स्वतःचं नाव स्वतः पुढे करणं हा तर दोषच. प्रत्येक पेठेतून तीन असे बारा 'केरी' निवडले गेले. केरी म्हणजे थोर, वडीलधारे. या बारांची कोन्सेहो मायोर म्हणजे थोरली सभा. 5 फेब्रुवारी 2012 ला, मेक्सिकोच्या संविधान दिनी, तिने सूत्रं घेतली. तारखेतला खोचकपणा योगायोगाचा नसावा असं मला वाटतं.

बारांमध्ये अध्यक्ष नाही. सरकारी व्यवस्था मात्र एका नगराध्यक्षाच्या आणि एका सिंदिकोच्या सहीसाठी बेतलेली. बारा जण समान, हे गावाला पटवायची गरज नव्हती, कार्यालयांना पटवावं लागलं. सभेखाली कामानुसार लहान मंडळं आहेत: स्थानिक प्रशासन, सामुदायिक जमीन, न्याय आणि मध्यस्थी, सामाजिक योजना, पेठांचा समन्वय. नंतर तरुणांसाठी आणि स्त्रियांसाठीही मंडळं आली. जंगलाचा प्रतिनिधी, जो आधी मुनिसिपियोच्या बाहेरचा वेगळा माणूस होता, तो या रचनेत आत आला. तिघांच्या बोटं दाखवण्यातलं एक बोट तरी तेव्हा खाली आलं.

पोलिसांच्या जागी 'रोंदा', गावातल्याच माणसांची गस्त, गावात आणि जंगलात.

2012 च्या मार्चमध्ये राज्याने आदिवासींविषयी आपली घटना बदलली, चेरानला न विचारता. हक्क देणारी दुरुस्ती असली तरी गावाने तिच्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं, तेही मुनिसिपियो म्हणून. असा वाद तिथे मुनिसिपियोसारखी घटनात्मक संस्थाच नेऊ शकते. 2014 च्या मे महिन्यात न्यायालयाने चेरानचं म्हणणं मान्य केलं, आणि थोरली सभा हेच इथलं सरकार आहे, हेही त्यात ओघाने मान्य झालं. चौथ्या वाटेचा फायदा इतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. झापातिस्तांच्या वाटेने गेलं असतं तर या दारात उभं राहायलाच मिळालं नसतं.

परिणाम

ट्रक थांबले. गावाने रोपवाटिका उभारली आणि उघडे पडलेले डोंगर पुन्हा लावायला घेतले. लाकूड कापायची गिरणी, फरशी बनवायचा कारखाना समाजाच्या मालकीचा झाला. कुकुन्दिकाता डोंगराच्या माथ्यावर पावसाचं पाणी साठवायला मोठं तळं बांधलं. मिचोआकानमध्ये जंगल तोडून आव्होकाडोच्या बागा लावायचा सपाटा चालू असताना चेरानने व्यापारी आव्होकाडोला बंदी घातली. दर तीन वर्षांनी नवे बारा निवडले जातात, 2024 मध्ये पाचवी सभा बसली.

किंमतही मोजावी लागली. 2012 च्या एप्रिलमध्येच जंगलात कामाला गेलेले गावकरी मारले गेले. 2018 च्या जानेवारीत जंगल-गस्तीच्या सुरुवातीच्या दिवसांतल्या एका स्त्रीचा खून झाला. गावाच्या वेशीच्या आत सुरक्षित आणि वेशीबाहेर जीव धोक्यात, अशी ही सुरक्षितता आहे.

काय वेगळं करता आलं असतं

जूनमधल्या अर्जाला सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही. उत्तर न देणं हाही नकारच मानून जुलैतच न्यायाधिकरणाकडे गेलं असतं तर निकाल मतदानाच्या अकरा दिवस आधी, श्वास रोखून वाचावा लागला नसता. घाईची झळ पुढे लागली: जुन्या मंडळाची मुदत वर्षअखेरीस संपली आणि नवी सभा बसेपर्यंत महिनाभर अधांतरी गेला.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. ट्रक बायकांनी अडवले, चुली बायकांनी बाहेर आणल्या, आणि पहिल्या बारांत बाई एकच. रांगेत उभं राहून निवड करताना गुप्तता नसते. नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, चुलत्याच्या देखत कुणाच्या मागे उभं राहायचं, हा प्रश्न फक्त हिमतीचा नाही. प्रत्येक पेठेच्या तीन जागांपैकी एक स्त्रीची, एवढा नियम पहिल्याच वेळी करता आला असता. त्या महिन्यांत तो सहज मान्यही झाला असता, कारण 15 एप्रिल कुणी केला हे सगळ्यांना ताजं आठवत होतं.

गावात आजवर राष्ट्राध्यक्षाच्या आणि आमदारकीच्या निवडणुकांच्याही मतपेट्या बसू दिल्या जात नाहीत. पक्ष पुन्हा शिरतील ही भीती खरी आहे. पण नगराध्यक्ष आपल्या रीतीने निवडणं हा समाजाचा हक्क, आणि राष्ट्राध्यक्षाला मत देणं हा एकेकट्या माणसाचा. पहिल्याच्या नावाखाली दुसरा किती काळ अडवायचा, यावर बाहेरून पाहणाऱ्या माझ्यासारख्याचं मत गावापेक्षा वेगळं आहे.

आणि तानाको. चेरान मुनिसिपियोत मुख्य गावाखेरीज सांता क्रूस तानाको ही तेनेन्सियाही येते. ती या उठावात उतरली नव्हती. बारा केरी मुख्य गावाच्या चार पेठांमधून निवडले जातात, तिजोरी मात्र अख्ख्या मुनिसिपियोची. मुख्य गावाने खालच्यांच्या वाट्याचं ठरवायचं, ही जुनी तक्रार नव्या सभेच्या दारातही तशीच राहिली. विचारणी करतानाच तानाकोचा हिस्सा आणि तिथल्यांचं स्थान लेखी ठरवून घ्यायला हवं होतं.

याच प्रश्नाचं उत्तर नंतर दुसऱ्याच गावाने काढलं. पिचातारो हे पुरेपेचा गाव तिंगाम्बातो मुनिसिपियोची तेनेन्सिया आहे. त्याच्याकडे ना शिक्का, ना तिजोरी, त्यामुळे चेरानसारखं खुर्ची ताब्यात घेणं शक्यच नव्हतं. त्याने न्यायाधिकरणाकडे फक्त लोकसंख्येच्या प्रमाणातला अनुदानाचा वाटा मागितला, थेट स्वतः खर्च करायला, आणि 2016 मध्ये तो मिळवला. 2021 च्या मार्चमध्ये मिचोआकानच्या नव्या मुनिसिपल कायद्यात ही सोय सगळ्याच आदिवासी गावांसाठी आली: गावसभेने ठराव करायचा, निवडणूक संस्थेने गावात येऊन लोकांना विचारायचं, आणि मग वाटा थेट गावाच्या खात्यात. 2016 मध्ये खटला लढून मिळालेलं आता अर्ज करून मागता येतं.